घराचं मत

माझ्या वडिलांना कोणी नास्तिक म्हटलं की मला राग येतो आणि आईला कोणी भाबडी म्हटलं की त्याहून जास्त येतो. शब्द खोटे नाहीत. बाबा देव मानत नाहीत आणि आई देवाशिवाय फारसं काही मानत नाही. पण हे शब्द ज्या तोऱ्यात बोलले जातात तो तोरा मला सहन होत नाही. मी जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘गुप्त मतदान’ यांच्या व्याख्या फळ्यावर लिहून दिल्या, मुलांनी त्या पेपरात जशाच्या तशा उतरवून गुण मिळवले, आणि तीच मुलं आता काय काय पाठवतात ते गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मला रोज सकाळी वाचायला मिळतं. तेव्हा हे प्रकरण वाचून कोणाचं मतपरिवर्तन वगैरे होईल या भ्रमात मी नाही. माझ्या आईवडिलांचं काय झालं एवढं कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या रस्त्याच्या आत, डोंगराच्या अंगाला. आता तिथे फार्महाऊसच्या उंच भिंती दिसतात. तेव्हा वाटेच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं होती. घर म्हणजे कुडाच्या दोन खोल्या आणि सारवलेला ओटा. बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याचा भोंगा आमच्या गावापर्यंत ऐकू येणं शक्यच नव्हतं, तरी आई भाकरी थापता थापता मधेच म्हणायची, “झाला बग भोंगा,” आणि काही वेळाने खरंच बाबांची सायकल ओट्याला टेकायची. कितीही साबण लावला तरी त्यांच्या हातांचा ग्रीसचा वास जात नसे. हातपाय धुऊन ते थेट चुलीपुढे बसत. तांदळाची भाकरी, कैरी घातलेली सुकट, थंडीत वालाचं बिरडं. सुकट असली की बाबा युनियनबद्दल भरभरून बोलतात आणि बिरडं असलं की गप्प जेवतात, असं आम्हा दोघी बहिणींचं निरीक्षण होतं. ताईला वालाचा वासही आवडत नसे, पण बाबा गप्प राहावेत म्हणून ती आईला वालच भिजत घालायला सांगायची.

आई धवलारीण होती. आमच्या लोकांत लग्न भटजीच्या मंत्रांवर लागत नसे, धवलारणीच्या गाण्यावर लागे. ती आधी देवांना बोलावणार, मग गावदेवीला, मग विहिरीला, वाटेला, उंबराला, घरातल्या मेलेल्या माणसांना. सगळे मांडवात येऊन बसले की नवरानवरीला हळद. आईला अक्षरओळख नव्हती, पण धवल्यातला, त्या लग्नगाण्यातला, एक शब्द इकडचा तिकडे झालेला तिला खपत नसे. शब्द चुकला तर ज्याला बोलावलं तो येत नाही, भलताच येतो, असं ती म्हणे. दुपारी तांदूळ निवडताना ती हलक्या आवाजात गात बसायची आणि सुट्टीच्या दिवशी बाबा ओट्यावर पेपर पुढ्यात धरून ऐकत राहायचे. पान उलटायचंच नाही. “तुमचा तर इस्वास नाय, मग कान कशाला लावताव?” आई विचारी. “आवाजावर हाय की इस्वास,” बाबा म्हणत. “तुजं बरं हाय गं, तू हाक मारतेस तर सगळे देव येतात. मी मिटिंगला बोलावतो तर चार मेंबर येत नाय.”

गावात बाबांना कामरेड म्हणत. त्यात थोडी थट्टा होती, थोडा आदरही होता, कारण कोणाला कामावरून काढलं की तो आधी आमच्याच ओट्यावर येई. बाबांनी कधी कोणाच्या देवाची टवाळी केली नाही. जत्रेत ते देवळात जात नसत, पण मांडवाचे बांबू उभे करायला पुढे असत. लोकांनी हे इतकी वर्षं चालवून घेतलं होतं. आज मला वाटतं, निवडणुकीत देवीचं काम पडलं नव्हतं तोवरच ते चालणार होतं.

त्या वर्षी ताईचं, म्हणजे सुनीचं, लग्न ठरलं. मुलगा खालापूरकडच्या गावातला, रसायनीला कामाला, बोलायला कमी आणि हसायला बरा. लग्नाआधी निवडणूक जाहीर झाली आणि दामूशेठ उभा राहिला. दामूशेठ म्हणजे आमच्याच गावचा, मुरूम-खडीच्या ठेक्यांवर मोठा झालेला माणूस. गावातल्या बायका त्याच्याकडे नळ मागायला गेल्या, कारण उन्हाळ्यात विहीर तळाला जायची. तो म्हणाला, “आदी देवीचं देऊळ बांधू. कळस चढवू, फरशी घालू, भोंगा बसवू. देवी खूश झाली का पानी आपसूक येतंय.” बायका परत आल्या त्या हात जोडूनच. आईही त्यांच्यात होती. बाबा म्हणाले, “देवी काय जीवन प्राधिकरणात कामाला हाय का?” आईने त्यांना चांगलंच झापलं, पण तोंड फिरवून हसलीही.

आमच्या भागात गावकी नावाचं प्रकरण आहे. कागदावर ती नाही, तिला कायदा ओळखत नाही, पण जत्रा केव्हा, विहिरीचा गाळ कोण काढणार, कोणाच्या मयताला कोण जाणार, हे सगळं ती ठरवते. त्या गावकीची बैठक देवळात बसली आणि ठरलं की गावाचं एकगठ्ठा मत दामूशेठला. कोणी फुटू नये म्हणून तांदूळ उचलायचे. हा तांदूळ उचलण्याचा रिवाज जुना. बांधाचं भांडण असेल, चोरीचा संशय असेल, तर देवीपुढच्या ताटातले तांदूळ मुठीत घ्यायचे, बोलायचं ते मोठ्याने बोलायचं आणि तांदूळ देवीच्या पायांवर सोडायचे. बोललेलं मोडलं तर देवी बघून घेते. मतासाठी तांदूळ उचलायची कल्पना मात्र नवी होती, आणि ती दामूशेठची होती.

बैठकीला घरटी एक माणूस गेला होता. आमच्या घरचे बाबा. मुली-बायका बाहेर पारावर बसल्या होत्या, तिथून आतलं सगळं ऐकू येत होतं. बाबांची पाळी आली तेव्हा ते उठले आणि म्हणाले, “मी उचलनार नाय.” पंच म्हणाला, “तू देव मानत नायस कामरेड, मग तुला काय फरक पडतंय? उचल आन सोड.” खरं तर हा सल्ला व्यवहाराचा होता. बाबांनी तो ऐकला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. ते म्हणाले, “म्हनूनच नाय उचलत. ज्याला भेव नाय तो आज तुमच्यासाठी उचलंल, उद्या दुसऱ्यासाठी. बांदला कोन जानार? ज्याची खरी भक्ती हाय तोच. देवळात मानूस वाकून येतो, ते बराबर हाय. पन मत टाकायला त्यानं ताठ जायाला पायजे. दोनी एका जागी आनलंत तर देवीची बी इज्जत जाईल आन मताची बी. तुमाला मत पायजे तर नळाचं बोला, कारखान्यातल्या पोरांचं बोला. देवीला कशाला मधी घालताव?” मग कोणीतरी ओरडलं, “निधर्मी!” हा शब्द आमच्या गावात त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. पेपरातून नाहीतर भाषणातून कोणी उचलून आणला असावा. त्याचा अर्थ विचारायला कोणी थांबलं नाही, बाकीच्यांनी तोच धरला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोकऱ्यांसाठी भांडलेला माणूस त्या एका शब्दाने गावाच्या बाहेर गेला.

आम्हाला वाळीत टाकलं. हे शब्द आज वाचणाऱ्याला जुन्या काळातले वाटतील. तसं वाटून घेऊ नका, अजूनही चालतं. मारहाण होत नाही, शिवी देत नाहीत. फक्त तुम्ही विहिरीवर गेलात की बाकीच्या बायका कळशा उचलून बाजूला होतात. तुम्ही “काय गं, कसं काय” म्हणता आणि समोरची बाई तुमच्या मागच्या झाडाकडे बघते. लग्नसराई सुरू झाली आणि आईला एकाही मांडवाचं बोलावणं आलं नाही. शेजारच्या गावची धवलारीण आणायला टेंपो गेला. ती आमच्याच आळीत रात्रंदिवस गात होती आणि शब्द खात होती. आई ओट्यावर बसून ऐकायची, चुकलेल्या जागी तिचे ओठ हलायचे. मला तेव्हा बाबांचाही राग आला होता आणि गावाचाही, आणि आई रडत का नाही म्हणून तिचाही.

मग खालापूरहून निरोप आला. ताईच्या सासऱ्याने माणूस पाठवला होता. माणूस सभ्य होता, पाणी प्यायला, गूळ खाल्ला, आणि म्हणाला, “आमचं काय म्हननं नाय. पन गावकीशी मिटवून घ्या. वऱ्हाड येईल ते बिनमानसांच्या मांडवात कसं बसंल? आमच्याबी गावकीला उत्तर द्यावं लागतंय.” तो गेला. ताई मागच्या दारी जाऊन भांडी घासू लागली. भांडी स्वच्छच होती.

चुलीपुढे आईने विषय काढला. “मी जाते देवळात. मी उचलते.”

बाबा म्हणाले, “माज्यासाठी नको.”

“तुमच्यासाठी कोन जातंय? सुनीसाठी जाते. तिच्या मांडवात बाया नकोत का?”

“तुला पटतंय का ते?”

“नाय पटत,” आई म्हणाली. “देवीला असल्या कामाला लावनं पटत नाय मला. पन तुमी नको म्हना, म्हंजे नाय जात.”

बाबांनी भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. बायकोला ‘जाऊ नको’ म्हणायचा हक्क आपल्याला आहे असं ज्याला वाटतं असा नवरा त्या वेळी आम्हाला हवा होता. बाबा तसे नव्हते. “तुजं तू ठरव गं,” एवढंच म्हणाले आणि ताट तसंच ठेवून उठले. त्या ताटात सुकट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईबरोबर देवळात गेले. पंच होते, पुजारी होता, दामूशेठ मुद्दाम आला होता. बाकी गावाने तांदूळ उचलले तेव्हा मी पारावरून ऐकलं होतं. माणसं हुशार होती. कोणी पुटपुटलं, कोणी खोकला काढला, बहुतेकांनी ‘या खेपेला’ असा शब्द बेमालूम घालून दिला, म्हणजे पुढच्या खेपेला मोकळे. आपल्या लोकांना देवाशी सुद्धा पळवाट ठेवून बोलता येतं. आईला मात्र दामूशेठने स्वतः वाक्य सांगितलं: “माझ्या घराचं मत ह्याच निशाणीला. मोडलं तर देवी माझ्या लेकीच्या संसारात बघून घेईल.” लेकीचं त्याने का घातलं हे उघड होतं. आणि आईने, जी धवल्यातला एक शब्द कधी गाळत नव्हती की पदरचा घालत नव्हती, ते वाक्य जसंच्या तसं, स्वच्छ आवाजात म्हटलं आणि तांदूळ सोडले. ‘या खेपेला’ ती म्हणाली नाही. तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगितल्याखेरीज देवीपुढे शब्द वाढवायचा नसतो.

लग्न दणक्यात झालं. हे लिहिताना मला आजही कसंतरी होतं, पण खरं तेच लिहिलं पाहिजे. सगळं गाव आलं. ज्या बायकांनी कळशा बाजूला घेतल्या होत्या त्याच वडे तळायला बसल्या, आमच्या गळ्यात पडल्या, एकमेकींना हळद फासली. आई गायली. तिच्या मागे सगळ्या बायकांनी धवला उचलून धरला आणि मांडव भरून गेला. मी पुष्कळ लग्नं पाहिली, तसं गाणं पुन्हा ऐकलं नाही. जेवणाच्या वेळी दामूशेठ आला, त्याने ताईच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि माईक घेऊन देवीच्या कळसाचं सांगितलं. टाळ्या पडल्या. बाबा पंगतीत पाणी वाढत फिरत होते. त्यांनी दामूशेठच्या पेल्यातही पाणी घातलं.

मतदानाच्या दिवशी दोघं बरोबर निघाली, मागोमाग मीही. आमच्या शाळेतच केंद्र होतं. आई रांगेत लागली आणि बाबा चिंचेखाली बसले. आईने आत जाऊन शिक्का मारला, बाहेर आली, तरी बाबा उठले नाहीत. “मत द्या की,” आई म्हणाली. बाबा म्हणाले, “तू काय बोल्लीस? ‘माझं मत’ का ‘घराचं मत’?” “घराचं,” आई म्हणाली. ते म्हणाले, “मग मी दिलं तर तुजी आन मोडंल. आन त्याला तर मी देनार नाय. चल घरी.” मी त्यांच्या कानाशी म्हटलं, बाबा, गुप्त असतं, आईला कळणार नाही. ते माझ्यावर खेकसले, “तिला नाय कळनार. मला कळंल ना!” ज्या देवीवर त्यांचा विश्वास नव्हता तिची आण त्यांनी पाळली, कारण आईचा होता. याला प्रेम म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण त्याचा फायदा दामूशेठला झाला, हेही मला ठाऊक आहे, आणि हे दुसरं मी विसरू शकत नाही.

तेव्हापासून बाबांनी मत दिलं नाही. घरोघरी फिरून लोकांना ‘मत टाका, कोणालाही टाका पण टाका’ म्हणून सांगणारा माणूस प्रत्येक निवडणुकीला आईबरोबर केंद्रापर्यंत जाई आणि चिंचेखाली बसून राही. आई त्याच निशाणीला मत देत राहिली. ‘ते त्या खेपेपुरतंच होतं गं,’ म्हणून मी तिला किती समजावलं, वाद घातला, एकदा तर चिडून रडले. तिचं एकच उत्तर, “मी तसं बोलले नाय.” देवीला कळस चढला, चकचकीत फरशी बसली, भोंगा बसला. पहाटेपासून त्या भोंग्यावर गाणी लागू लागली आणि दुपारी तांदूळ निवडताना आईला स्वतःचा आवाज ऐकू येईना, तेव्हा तिने गाणं सोडलं. नळ पुष्कळ वर्षांनी आला. बाबांचा कारखाना बंद झाला, युनियनच्या ऑफिसात मोबाईलचं दुकान निघालं. मी लग्न होऊन कर्जतला गेले. माझं घर वेगळं झालं म्हणून मला मत देता आलं, आणि प्रत्येक वेळी बटण दाबताना मला चिंचेखाली बसलेले बाबा दिसले.

गेल्या निवडणुकीआधी दामूशेठ आमच्या ओट्यावर आला तेव्हा मी माहेरीच होते. केस पांढरे, गळ्यात नवा गमछा, रंग दुसरा. त्याने पक्ष बदलला होता, आणि जुन्या पक्षाने आमच्याकडची जागा युतीत दुसऱ्या कुठल्यातरी पक्षाला सोडून दिली होती. बोलायला आधीसारखाच गोड. आईने त्याला बसायला दिलं आणि म्हणाली, “शेठ, एक काम करा. माजी ती आन सोडवा.”

“कसली आन काकू?”

आईने सांगितलं. त्याला आठवेना. तो आठवत नसल्याचं सोंग करत असता तर मला बरं वाटलं असतं, पण त्याला खरोखरच आठवत नव्हतं. “आवो, तेवा काय काय बोललो आसन,” तो हसला. “आता आपुन सगळी इकडं हाव. देवी तीच हाय ना?” त्याने मोबाईल काढला, त्यावर आमच्या गावदेवीचा फोटो होता, हार-बीर घातलेला. “हितं हात लावा आन नव्या निशाणीला बोला. झालं.”

आईने हात पदराखाली घेतला. “ती आन तुमाला नव्हती दिली. तिला दिली व्हती.”

“मंग तिलाच इचारा,” दामूशेठ म्हणाला आणि चहा न घेताच पुढच्या घरी गेला.

मतदानाला मी दोघांना रिक्षाने घेऊन गेले. बाबांना आता चालवत नाही, तरी ते आले आणि चिंचेच्या पारावर टेकले. आई आत गेली. बराच वेळ बाहेर येईना, तेव्हा मी दारातून डोकावले. ती यंत्रापुढे उभी होती आणि एकेका चित्रावरून बोट फिरवत होती. वरून खाली, पुन्हा वरून खाली. आतले साहेब म्हणाले, “आजी, बटण दाबा, रांग आहे.” ती न दाबताच बाहेर आली. बोटाला शाई तेवढी लागली होती.

“निशाणीच नाय,” ती बाबांना म्हणाली.

बाबांच्या तोंडावर किती वर्षांनी हसू आलं. “सुटलीस गं,” ते म्हणाले. “आपुन दोगं सुटलो.” ते काठी टेकून उठायलाही लागले, मत द्यायला. त्यांच्या पक्षाचा उमेदवार आमच्याकडे उभा राहायचा केव्हाच बंद झाला होता, हे त्यांच्या लक्षात होतं की नाही कोण जाणे.

“सुटले कशी?” आई म्हणाली. “आतापतुर पाळली. आज मोडली.” मग माझ्याकडे वळली. “सुनीला फोन लाव. ती बरी हाय का इचार.”

मी लावला. ताईने उचलला, पाठीमागे कुकरची शिट्टी झाली. ‘मी बरी आहे, काय झालं, आई-बाबांनी मत दिलं का,’ असं सगळं ती एका दमात बोलली. मी फोन आईच्या कानाला लावला. तिने ताईचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, “बरं बरं” म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

“उद्या परत लाव,” ती म्हणाली.